तिसरा रकाना

फळ्यावर दोन उभ्या रेघा मारल्या की तीन रकाने होतात. त्यात शिकवण्यासारखं काही नाही. पण मुंजाजी सर खडू इतका दाबून ओढायचे की रेघ लाकडात उतरायची. दिवाळीच्या सुट्टीत आमचा शिपाई मशाकभाई जुन्या बॅटरीच्या सेलातली काळी भुकटी माक्याच्या पाल्याबरोबर वाटायचा आणि फळा सारवून काढायचा. फळा नव्यासारखा दिसायचा. महिनाभरानं, सकाळची उन्हं तिरपी आत आली, की त्या दोन रेघा पुन्हा वर यायच्या. सर शाळेतून गेले त्यानंतरही त्या वर येत राहिल्या. त्याच फळ्यावर मी कितीतरी वर्षं इतिहास शिकवला, आणि मधल्या दोन रेघांवर लिहायचं टाळत राहिलो.

गाव सोनपेठहून एसटीनं तासाभरावर, गोदावरीच्या काठाला. नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचंय त्यांची लेकरंबाळं तिथं नांदतात.

मी त्या शाळेत लागलो ते बहात्तरच्या दुष्काळात. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाप जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबला. पदवीचा कागद आला तेव्हा आईनं तो बुद्धाच्या तसबिरीपुढं आठ दिवस ठेवला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धुऊन मगच बघू द्यायची. त्या कागदाचा अभिमान मला तेव्हा होता, आजही आहे. तो लपवण्यासारखं काही नाही.

पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक उंच, किंचित वाकलेला माणूस माझ्यापुढं येऊन बसला. पायजमा, खादीचा सदरा, डोक्याला टोपी, आणि कानावर एक पेन्सिल. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी.

“खंदारे म्हणतेत ते तुमीच का? बी. ए. झालाव म्हणं.”

“हो सर.”

“बरं. मग बी. ए. होण्याच्या आदीचे तुमी आन नंतरचे तुमी, फरक काय ते सांगा.”

मी म्हणालो, “आधी लोक ‘ए’ म्हणायचे. आता ‘ओ सर’ म्हणतात.”

ते खूश झाले. मांडीवर थाप मारून म्हणाले, “झकास! आन सारखं काय?”

मी त्यांच्या कानावरच्या पेन्सिलीकडं बघत राहिलो.

“असू द्या. घाई न्हाई. सापडलं की सांगा.”

मुंजाजी सर मराठी शिकवायचे, पण त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेलं. शाळेत उर्दू, घरात मराठी. “एकच पाणी दोन घागरीत भरायची सवय लागली मला ल्हानपनापास्न,” असं ते म्हणायचे. दोन्ही भाषांत काय बराबर येतं आणि कुठं फरक पडतो, हे शोधता शोधता त्यांची एक पद्धतच तयार झाली. कुठलाही धडा असो, कविता असो, फळ्यावर दोन रेघा यायच्या. पहिला रकाना ‘सारखं’, दुसरा ‘वेगळं’, तिसरा ‘म्हणून’.

सारखं शोधल्याशिवाय वेगळं लिहायला ते परवानगी देत नसत. “फरक कुनालाबी दिसतो. आंधळ्यालाबी दिसतो. सारखं दिसायला नजर लागती,” असं म्हणत. पण त्यांचा खरा जीव तिसऱ्या रकान्यात. पोरांनी दोन रकाने भरून वही पुढं केली की ते बोटानं तिसऱ्या रकान्यावर टकटक करायचे. “सारखं लिवलं. येगळं लिवलं. लय छान. पन म्हणून काय? जबाब कुठाय? दोन बैल जुपले, गाडी कुठं न्यायची ते ठरलंच न्हाई.”

बोलताना त्यांचे दोन्ही हात पुढं असायचे, तळवे वर. डाव्या हातावर एक गोष्ट, उजव्यावर दुसरी. हात खाली करून कुणी उत्तर देऊ लागलं की ओरडायचे, “मोकळ्या हातानं बोलू नको! दोनी हातावर काय हाय ते आदी बघ.” त्यामुळं सगळा वर्ग हात पुढं करून बसलेला असायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथं प्रसाद वाटायलेत.

एकदा ते एका पायात चामडी वहाण आणि एका पायात रबरी स्लीपर घालून आले. आम्हाला वाटलं म्हातारपण आलं. वर्गात जाऊन म्हणाले, “पाय माझेच, वाट तीच. करा तुलना.” दुपारपर्यंत पोरांनी त्या पायांवर दीड पान लिहिलं. संध्याकाळी ते तसेच फटक-चर्र, फटक-चर्र करत घरी गेले. दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, यायला लागला तेव्हा एका हातात मिलो आणि दुसऱ्या हातात घरची ज्वारी घेऊन ते वर्गात उभे राहिले. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. पोरं मिलोकडं बघायचीच नाहीत. सगळी ज्वारीच्या हाताकडं बघत होती. सरांनी मूठ मिटली आणि तो तास तिथंच संपवला.

नववीत शांता नावाची मुलगी होती, आमच्याच वस्तीसारख्या वस्तीतली. म्हणजे घरात बुद्ध, आणि आईबाप खडी फोडायला दुष्काळी कामावर. परभणीहून तपासणीला साहेब आले त्या दिवशी सरांनी भलतंच केलं. साहेबांना स्वतःशेजारी उभं केलं आणि वर्गाला म्हणाले, “हे सायेब, हा मी. करा सुरू.”

हेडसरांना घाम फुटला. शांता उठली, हात पुढं केले.

“सारखं म्हंजे, दोघांच्याबी पायावर एकच धूळ हाय.”

साहेब फाट्यापासून चालत आले होते. ते मोठ्यानं हसले.

“आन येगळं?”

“सायेब पाचच्या गाडीनं जानार. सर हितंच ऱ्हानार.”

“म्हणून?”

“म्हणून सायबांनी वहीत काय बी लिवलं तरी भोगायचं सरांनाच.”

साहेबांनी तपासणीच्या वहीत चांगला शेरा दिला. सर आठ दिवस शाळेच्या आवारात जमिनीवर पाय ठेवत नव्हते. भेटेल त्याला म्हणायचे, “तिचं म्हणून ऐकलं का? ऐकलं का तिचं म्हणून?”

सरांची आणखी एक रीत होती, ती फार थोड्यांना ठाऊक होती. ते पोरांच्या जोड्या लावायचे. एकानं फक्त सारखं शोधायचं, दुसऱ्यानं फक्त वेगळं. मग अदलाबदल करायची, एकमेकांचं तोंडपाठ करायचं आणि ‘म्हणून’ दोघांनी मिळून लिहायचं. जोडी लावताना ते मुद्दाम वरच्या आळीचं एक आणि वस्तीतलं एक घ्यायचे. “एकाच घरचे दोघं काय बघनार? एकच बघनार.” शाळेमागं लिंबाच्या झाडाखाली, सुट्टीनंतर, ही पोरं एका पटकुरावर बसायची. हे गावात कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी वस्तीतला, आणि सरांनीच एकदा मला तिथं नेऊन दाखवलं होतं.

शांताची जोडी लावली होती दत्ताशी. दत्ता म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांचा मुलगा. वरच्या आळीतला सगळ्यात मोठा वाडा त्यांचा. पोरगा गरीब स्वभावाचा, शांता बोलली की माना डोलावणारा.

वार्षिक परीक्षेत मराठीच्या पेपरात निबंध होता, ‘नदी आणि विहीर’.

सर पेपर तपासत होते. अचानक उठले, दोन पेपर हातात घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले. चेहरा असा की लेकीचं लगीन ठरलंय. “ऐका, ऐका. जोड कशी जमलीय बघा!” आणि त्यांनी दत्ताचा निबंध वाचला. मग शांताचा वाचला. दोन्हीमध्ये एक वाक्य होतं. मला ते अजून तसंच्या तसं येतं: ‘नदीवर कुणी कुणाला हटकत नाही, विहिरीवर गेल्यावर मात्र विचारतात, तू कुणाची.’

दत्ताच्या पेपरातही ‘तू कुणाची’ असंच होतं. ‘तू कुणाचा’ असं बदलायचं त्याला सुचलं नव्हतं.

सर आनंदानं आमच्याकडं बघत होते. आणि मी हेडसरांकडं बघत होतो.

हेडसर शांतपणे म्हणाले, “मुंजाजीराव, हे तर एकच हाय. कॉपी हाय ही.”

“कॉपी कशी? सारखं…”

“सारखं म्हंजेच कॉपी. कुनी कुनाची केली ते बघावं लागंल. तुमीच करा तुलना. तुमच्याएवढी कुनाला येती?”

तेव्हा सरांच्या हातातले पेपर हळूहळू खाली आले.

त्या रात्रीत त्यांनी अहवाल तयार केला. फुलस्केप कागदावर दोन रेघा. पहिल्या रकान्यात सारखी वाक्यं, एकही न सोडता, निळ्या पेन्सिलीनं. दुसऱ्या रकान्यात लाल पेन्सिलीनं चार क्षुल्लक फरक: शाई, समास, अक्षराचं वळण, पानाची सुरुवात. तिसरा रकाना कोरा.

सकाळी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. म्हणालो, “सर, तुम्ही जोडी लावली होती असं लिहा की.”

“आन अध्यक्षांना काय सांगू? की तुमचा पोरगा तिच्याशेजारी पटकुरावर बसतो? तिच्या डब्यातलं खातो?” त्यांचा आवाज दबका होता. “तिलाच त्रास हुईल, खंदारे. तिच्या बापाला कामावर ठिवनार न्हाईत. मी तिसरं लिवलंच न्हाई. म्हंजे मी खोटं न्हाई लिवलं.”

मी पुढं काही बोललो नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती.

दहा वाजता हेडसरांनी मला बोलावलं. सरांचा कागद पुढं ठेवून म्हणाले, “तुमचं अक्षर चांगलं हाय. याची नोटीस करा. तिसऱ्या रकान्यात मी सांगतो ते लिवा.” मी लिहिलं. ‘म्हणून सदर विद्यार्थिनीने नक्कल केल्याचे स्पष्ट होते. तिचा निकाल रद्द करून तिला शाळेतून कमी करण्यात येत आहे.’ माझं अक्षर खरंच चांगलं होतं. कॉलेजात मी त्यासाठी बक्षीस घेतलं होतं. नोटीस व्हरांड्यातल्या सूचनाफलकावर लागली तेव्हा लोकांनी आधी अक्षराची तारीफ केली.

सरांनी पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी सापडलं. बी. ए. होण्याआधीही मी भीत होतो आणि नंतरही भीतच होतो. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

शांता एकदाच आली, बापाबरोबर, दाखला घ्यायला. नोटिशीपुढं उभी राहून तिनं ती पुरी वाचली, ओठ हलवत, बोट फिरवत. तिसऱ्या रकान्यापाशी बोट थांबलं. सर वर्गाच्या दारात उभे होते. ती त्यांच्याकडं बघत होती आणि ते हातातल्या खडूकडं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, सोनपेठच्या बाजूला, असं कळलं.

त्यानंतरचे मुंजाजी सर म्हणजे, काय सांगू, एका घरात दोन माणसं राहावीत आणि त्यातला एक निघून जावा तसे झाले. शिकवायचे पहिल्यासारखंच. दोन रेघा, तीन रकाने. सारखं भरायचे, वेगळं भरायचे. तिसऱ्या रकान्यापाशी आले की खडू टेकवून उभे राहायचे. पोरं वाट बघायची. कधी दोन मिनिटं, कधी घंटा होईपर्यंत. फळ्यावर खडूचं एक टिंब उमटलेलं असायचं, तेवढंच. जोड्या लावणं त्यांनी बंद केलं. कानावरची पेन्सिल मात्र तीच राहिली. निळं टोक झिजून संपलं होतं, तरी ते पेन्सिल टाकत नव्हते.

मशाकभाई मला एकदा हळूच म्हणाला, “खंदारे साब, मास्टरजी सुट्टीच्या दिशी बी येतेत. रिकाम्या वर्गात उभे ऱ्हातेत. मी इचारलं, काय करायलाव? तर म्हणले, कोन तरी उत्तर द्यायलंय, ऐकू येईना गेलंय.”

असंच एकदा पावसाळ्यात नदीला पाणी चढलं आणि शाळा अर्ध्यात सुटली. सर आणि मी व्हरांड्यात अडकलो. ते चढत्या पाण्याकडं बघत होते. मग अचानक म्हणाले, “तो आलता.”

“कोण?”

“दत्ता. नोटीस लागायच्या आदल्या दिशी, दिवे लागायच्या टायमाला. म्हणला, सर, ते इहिरीचं वाक्य तिचं हाय, आमी दोघांनी पाठ केलतं. मी बापूला सांगतो. मी म्हणलं, गप घरी जा. लेकरू दारात उभं होतं, हात पुढं करून, मी शिकवलं तसं. दोनी हातावर खरं घेऊन आलतं. मी दार लावलं.”

पावसाच्या आवाजात मला वाटलं, ते रडतायत. तसं नव्हतं. ते मोजून, सावकाश बोलत होते. “सारखं काय, तर आमा दोघांनाबी ठाऊक होतं. येगळं काय, तर त्याला सांगायचं होतं.” इथं ते थांबले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

सर निवृत्त व्हायला दोन महिने होते तेव्हाची गोष्ट. एका बाजारच्या दिवशी मला म्हणाले, “सोनपेठला जायलोय. येता का?” त्यांच्या बगलेत एक फुलस्केप कागद होता, पातळ पुठ्ठ्यात घालून जपलेला. एसटीत त्यांनी तो मला वाचायला दिला. दोन रेघा, तीन रकाने. तिसरा भरलेला. ‘म्हणून मी जबाबदारीने लिहून देतो की, जोडी मी लावली होती. ते वाक्य शांताचे आहे. तिने नक्कल केली नाही. शाळेला हे मी तेव्हा सांगितले नाही.’ खाली सही.

“परभणीला हापिसात देनार. तिनं हो म्हणलं की. बाहेरून बसंल ती मॅट्रिकला. मी शिकवीन.”

“नोकरीचं काय होईल सर?”

“दोन महिन्याची तर ऱ्हायलीय. जाऊ द्या.”

बाजारात ती कुठं बसते हे त्यांना बरोबर माहीत होतं. नंतर माझ्या लक्षात आलं, ते याआधीही कितीतरी बाजारांना येऊन लांबून बघून गेले असणार. शांता कोथिंबीर आणि चुक्याच्या जुड्या मांडून बसली होती. पदर डोक्यावर, मांडीवर दोन-अडीच वर्षांची पोरगी. तिनं आम्हाला ओळखलं. उठली नाही, पण पोतं जरा सरकवून जागा केली.

“बसा सर. खंदारे सर, तुमीबी बसा. अक्षर तसंच हाय का अजून?”

मी बसलो.

सरांनी कागद पुढं केला. तिनं ओला हात लुगड्याला पुसला आणि वाचायला लागली. बोट फिरत होतं, ओठ हलत होते. बाजूनं गिऱ्हाईक विचारत होतं, “बाई, जुडी कशी दिली?” तिनं हातानं थांबवलं. तिसऱ्या रकान्यावरचं बोट शेवटपर्यंत गेलं.

“लय बरं लिवलंय,” ती म्हणाली. “सारखं हाय. येगळं हाय. म्हणूनबी हाय.”

सरांनी मान खाली घातली. “तू हो म्हण, बाई. उद्याच्या उद्या देतो.”

“पन सर, हे तवा लिवलं असतं तर आन आता लिवलंय तर. यातला फरक सांगा की.”

सरांनी बोलायला तोंड उघडलं.

“मोकळ्या हातानं नगा सांगू. तुमीच म्हणायचे.”

आणि सरांनी खरंच हात पुढं केले. दोन्ही तळवे वर. डाव्याकडं बघितलं, उजव्याकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले. पोरगी टकामका बघत होती, मग तिनं एक काडी उचलून त्यांच्या तळव्यावर टेकवली आणि परत घेतली.

शांतानं कागद घडी करून पोलक्याच्या आत ठेवला.

“हापिसात नगा देऊ. मला आता हजेरीत बसायचं न्हाई. ही वाचायला लागली की हिला दाविन. फरक ती सांगंल.” मग गिऱ्हाइकाकडं वळून म्हणाली, “घ्या मावशी, ताजी हाय.”

माझी सेलूची गाडी लागली होती; बहिणीकडं जायचं होतं. सर म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी थांबतो थोडा. मी खिडकीपाशी बसलो. गाडी स्टँडातून वळून बाजाराच्या कडेनं निघाली तेव्हा ते मला दिसले. मिरच्यांच्या ढिगाच्या पलीकडं, रस्त्याच्या मधोमध उभे होते, शांतापासून वीस पावलांवर. दोन्ही हात अजून पुढंच होते, तळवे वर. माणसं दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होती. डोक्यावर पाटी घेतलेला एक म्हातारा थांबला. त्यानं सरांकडं निरखून बघितलं, त्याला वाटलं असेल हा मागायलाय. त्यानं पाटीतला एक पेरू काढला, सरांच्या डाव्या हातावर ठेवला आणि पुढं गेला.

सरांनी पेरूवर बोटं मिटली नाहीत. ते रिकाम्या उजव्या हाताकडं बघत होते.